जुने क्षेत्र की खोल समुद्रातील प्रकल्प: रॉयल्टी सवलतीचा कोणता अर्ज करावा?

बेलापूर किंवा ऐरोलीच्या कार्यालयातून मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांचे हिशेब सांभाळणाऱ्यांना रॉयल्टीच्या, म्हणजे उत्पादनातून सरकारला द्याव्या लागणाऱ्या हिश्श्याच्या, सवलतीचा अर्ज तयार करायचा झाल्यास, आधी दोन मार्गांतील फरक नीट समजून घ्यावा लागतो. दोन्ही अर्ज अमेरिकेच्या बीएसईई या नियामक संस्थेकडेच जातात. मात्र एका अर्जात झालेला हिशेब मांडायचा असतो, तर दुसऱ्यात होणारा.

पहिला मार्ग उत्पादनाच्या अखेरच्या टप्प्यात आलेल्या क्षेत्रासाठी आहे. मागील 15 महिन्यांपैकी 12 महिन्यांत भरलेली रॉयल्टी ही रॉयल्टीपूर्व निव्वळ उत्पन्नाच्या 75 टक्क्यांहून अधिक असावी, ही त्याची मुख्य अट आहे. समजा, रॉयल्टीचा दर साडेबारा टक्के आहे आणि 100 डॉलरच्या विक्रीमागे मान्य खर्च 80 डॉलर आहे. तर शिल्लक 20 डॉलरपैकी साडेबारा डॉलर, म्हणजे साडेबासष्ट टक्के, रॉयल्टीत जातात आणि अर्ज बसत नाही. हाच खर्च 85 डॉलरवर गेला की प्रमाण 83 टक्क्यांच्या वर जाते आणि अर्ज बसतो. त्यामुळे कोणता खर्च मान्य होतो आणि कोणता नाही, यावरच सारे अवलंबून असते; देखभालीची बिले महिन्यानुसार लावलेली नसतील, तर पात्र असलेले क्षेत्रही कागदावर अपात्र ठरू शकते. मंजुरीनंतर ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या उत्पादनावर रॉयल्टी निम्मी होते, पण तेलाचे भाव पुरेसे चढले की ही सवलत थांबते.

दुसरा मार्ग 200 मीटरहून खोल पाण्यातील प्रकल्पांसाठी आहे. येथे दर निम्मा होत नाही, तर ठरावीक उत्पादनापर्यंत रॉयल्टीच माफ होते. प्रकल्प सवलतीविना तोट्याचा आणि सवलतीसह फायद्याचा आहे, हे सिद्ध करण्यासाठी भूवैज्ञानिक, अभियांत्रिकी, उत्पादन आणि खर्च असे वेगवेगळे अहवाल लागतात. शिवाय मंजुरीनंतर 18 महिन्यांत बांधणी सुरू करावी लागते, आणि प्रत्यक्ष विकासखर्च अंदाजाच्या 80 टक्क्यांहून कमी झाला तर मिळालेली सवलत निम्मीच उरते. खर्च फुगवून दाखवण्याचा मोह येथे महागात पडतो, आणि हे कलम मला अगदी न्याय्य वाटते.

उरणला मुंबई हायचे तेल येताना पाहिलेल्यांना हा सारा खटाटोप अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे 2016 च्या हेल्प (तेल-वायू शोध आणि परवाना) धोरणात खोल समुद्रातील क्षेत्रांना पहिली सात वर्षे रॉयल्टी नाही, ही सूट धोरणातच दिलेली आहे.

चालू विहिरींचा जुना हिशेब हाती असेल, तर माझ्या मते आधी पहिल्या मार्गाची 75 टक्क्यांची कसोटी लावून पाहावी, कारण ते काम लेखा विभागातच होते. दुसऱ्या मार्गासाठी भूवैज्ञानिक आणि अभियंते पूर्ण वेळ उपलब्ध होणार असतील, तरच तो अर्ज हाती घ्यावा.