शेवटचा आवाज: चित्रकार्डं घ्यावीत की भेंड्या खेळाव्यात?

पहिलीतल्या पोराला 'कमळ'चा पहिला आवाज विचारा, 'क' म्हणून मोकळं होतं. शेवटचा विचारला की पुन्हा 'क'च सांगतं, नाहीतर अख्खा शब्द परत म्हणून दाखवतं. यात काळजीचं काही नाही. सुरुवातीचा आवाज आधी सापडतो, शेवटचा नंतर आणि मधला सगळ्यांत उशिरा. 2021 मध्ये निपुण भारत अभियान (लहान पोरांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं सरकारी अभियान) सुरू झालं तेव्हापासून शाळाशाळांत ध्वनींच्या जाणिवेचं, म्हणजे शब्दातले आवाज वेगवेगळे ओळखण्याचं, बोलणं वाढलं, आणि पालकही विचारायला लागले की चित्रकार्डांचा संच घ्यावा का, की आपल्या जुन्या भेंड्यांवर भागेल. दोन्ही मी वापरलंय, घरीही आणि परभणी जिल्ह्यातल्या माझ्या वर्गातही. तेवढ्यावरून सांगतोय. दुसऱ्या शिक्षकाचा अनुभव वेगळा असू शकतो.

मोबाइलवरचे खेळ मी या तुलनेत धरलेच नाहीत. फोनच्या बारक्या स्पीकरवर 'सात' की 'साठ' हे मलाच कळत नाही, पोराला काय कळणार?

कार्डांची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. 'ऊस, भात, पाऊस, यातले कोणते दोन शेवटाला सारखे?' असं नुसतं तोंडी विचारलं तर चार-पाच वर्षांचं पोर तिसऱ्या शब्दापर्यंत येता येता पहिला विसरतं. आवाज हवेत जातो, चित्र मात्र समोर पडून राहतं. शिवाय बुजरं पोर तोंड न उघडता कार्ड सरकवतं. वर्गात पोरं जास्त असली की दोन-तीन टोळ्या करून कार्डं वाटता येतात आणि गुरुजीला श्वास घ्यायला मिळतो. हे सगळं मान्य.

मला जे खटकलं ते कार्डाच्या मागच्या बाजूला होतं. आमच्या संचात एकाच आवाजाने संपणाऱ्या चित्रांच्या पाठीवर एकाच रंगाचा ठिपका होता, म्हणजे पोरानं उलटून स्वतःच तपासावं. कल्पना चांगली. पण 'फुगे' आणि 'कपडे' यांच्या गटात एका अंड्याचं चित्र होतं, कारण छापणाऱ्याच्या हिशेबी ते 'अंडे'. लिहिताना तशी रीत आहेच, पण आमच्याकडे बोलताना एक असलं तर 'अंडं', आणि 'अंडे' म्हणजे दोन-चार. एका पोरीनं फुगे आणि कपडे जवळ ठेवले आणि अंड्याचं कार्ड लांब सारलं. तिचं अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, "हे अंडे आहे ना गं?" तर म्हणाली, "एकच अंडं हाय की गुर्जी, अंडे कुठायत?" मग तिनं कार्ड उलटून पाहिलं, ठिपका तोच निघाला, आणि काही न बोलता अंडं कपड्यांशेजारी नेऊन ठेवलं.

अशी कार्डं एक-दोन असती तर काढून टाकली असती. पण 'घागर' म्हणून छापलेल्या चित्राला पोर 'कळशी' म्हणतं, की 'र'च्या गटात 'ई' शिरला. तांड्यावरच्या पोरांची घरची बोली वेगळी, त्यांच्या तोंडी पहिलं नाव तिसरंच येतं. 'दूध' आमच्याकडे बरीच पोरं 'दूद' म्हणतात, म्हणजे त्यांच्या कानाला शेवटी 'द'च आहे. प्रत्येक वेळी कान बरोबर आणि ठिपका विरोधात. पुढे पुढे पोरं आधी कार्ड उलटायची आणि मग विचार करायची. ऐकण्याच्या खेळात ऐकणंच सुटत असेल तर संच कितीही देखणा असो, माझं मन त्याच्यावरून उडालं.

भेंड्यांतही खोट आहे, ती लपवत नाही. 'बाळ' आला की पुढे काय? 'ळ'वरून शब्द सुरू होत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी 'ल' घेतात, आणि 'ण' आला तर 'न'. इथं तर पाण्याला 'पानी' म्हणणारी घरं भरपूर. 'काल' आणि 'काळ', 'सन' आणि 'सण' यांतला फरक ज्या कानाला शिकवायचा, त्यालाच आपण 'चालतंय' म्हणतो. दुसरं म्हणजे भेंड्यांत मात्रा गळते. 'भाकरी'वरून 'र' घेतला जातो, शेवटचा 'ई' कुणी ऐकतच नाही.

म्हणून मी भेंड्या ठेवल्या, पण नियम बदलला. शेवटच्या आवाजावरून नवा शब्द सुरू करायचा नाही, त्याच आवाजाने संपणारा दुसरा आणायचा. आता 'ळ' अडत नाही: बाळ, कमळ, नारळ, तांदूळ. सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करावी, आणि त्यासाठी मराठवाड्यासारखा मुलूख नाही. ऊस, पाऊस, कापूस, माणूस, दिवस, सगळ्यांच्या शेवटी 'स्स्स' ओढता येतो. 'क', 'त', 'प' ओढता येत नाहीत, ओढायला गेलं की शेपटाला 'अ' चिकटतो आणि पोर तोच ऐकतं. ते नंतर घ्यावेत. 'भात' म्हणताना 'त'चा पाय मोडूनच म्हणावा.

थोड्या मोठ्या पोरांसाठी जिल्हे आहेत. लातूरची जोडी छत्रपती संभाजीनगरशी, नांदेडची बीडशी, परभणीची हिंगोलीशी. जालना आणि धाराशिव एकटे उरतात, त्यांना जोडीदार म्हणून पोरं आपापल्या मामाचं गाव शोधतात. (आजोबा खेळात असले तर ते अजून औरंगाबाद आणि उस्मानाबादची जोडी 'द'वर जमवतात. 2023 मध्ये नावं बदलली तरी आवाज जुळतोय, म्हणून मी गुण देतो.) एवढं बघावं की पोर 'परभणीला' म्हणत नाही, नाहीतर शेवटी 'ला' येऊन बसतो. नुसतं नाव मागावं.

राहिली विसरण्याची अडचण. तिच्यावर चिंचोके पुरतात. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची चौकटींची पद्धत शिक्षकांना माहीत असेल, त्यात शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी एकेक खडा सरकवतात. इतक्या लहान वयात मी आवाजाऐवजी अक्षरावर थांबतो. 'भा-क-री', तीन चिंचोके, शेवटच्यावर बोट ठेवून 'रीईई' ओढायचं. बोटाखाली काय ऐकू आलं ते पोर सांगतं, आणि छापलेलं उत्तर आड येत नाही.

तरीही कार्डं घ्यायचीच असतील, आणि पोरं जास्त असतील तर कदाचित घ्यावीही, तर पाठ कोरी असलेली आणि नाव न छापलेली बघा. तशी मिळाली नाहीत तर ठिपक्यांवर कागद चिकटवा. आधी सगळी चित्रं पोरांसमोर ठेवून त्यांच्याच तोंडून नावं घ्या, आणि जे नाव आलं तेच त्या कार्डाचं धरा. एकच पोर असेल, आणि रोज संध्याकाळी भाकरी होईपर्यंतचा वेळ हाताशी असेल, तर मी संचाचे पैसे वाचवीन.