घोड्याची उंची: हॅण्ड की इंच?

नाशकात राहून घोडा घ्यायचा म्हटलं की दोन्ही मापं कानावर पडतात. सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी किंवा काठियावाडी जनावर बघायला जा, व्यापारी सरळ 'बासष्ट इंची' म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड बघायला गेलात की बोलणं हॅण्डमध्ये सुरू होतं. मी दोन्हीकडे हिंडलो आणि शेवटी इंचांवर आलो.

एका हॅण्डचे ४ इंच, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला नडलं ते मधलं टिंब. १५.२ म्हणजे १५ हॅण्ड आणि वर २ इंच, एकूण ६२ इंच. मोबाइलवर १५.२ ला ४ ने गुणलं तर ६०.८ येतात, म्हणजे जवळपास सव्वा इंच गेलाच. १४.३ चे खरे ५९, गुणाकारात ५७.२. घासाघीस इंचा-इंचावर चालते तिथे हे परवडत नाही. नियमाने टिंबापुढे ३ च्या वर आकडा येऊच नये, कारण चौथ्या इंचाला पुढचा हॅण्ड भरतो. तरी फोनवर आलेल्या एका फोटोखाली चक्क 'उंची १५.५' होतं. साडेपंधरा हॅण्ड धरले तर ६२ इंच, पंधरा हॅण्ड पाच इंच धरले तर ६५. विकणाऱ्याला विचारलं, तर त्यालाही नक्की सांगता येईना. तिथेच माझं मन हॅण्डवरून उडालं.

अर्थात शर्यतीच्या घोड्यांतच वावरणाऱ्याला, इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याला हॅण्ड सोडून चालणार नाही. पोनी आणि घोडा यांतली १४.२ ची रेघ तिकडे सगळ्यांच्या तोंडी असते.

इंचातही फसगत होते, पण ती टेपमुळे. टेप अंगाला चिकटवून धरला की खांद्याच्या गोलाईमुळे उंची फुगते. सपाट जमिनीवर आडव्या पट्टीची काठी लावून, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर पट्टी टेकवून घेतलेलं माप मला जास्त भरवशाचं वाटतं.

तेव्हा जमलं तर आकडा इंचांतच मागा, नाल धरून की नालेशिवाय तेही विचारा. हॅण्डमध्येच आला, तर टिंबाआधीचा आकडा चारने गुणा आणि टिंबानंतरचा त्यात मिळवा.