टीआर६चं इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवले : दहा महिन्यांनंतर, मुख्यतः पंपाबद्दल

माझी ट्रायम्फ टीआर६ १९७१ची. कॉव्हेंट्रीत बनलेली, अडीच लिटरची, सहा सिलिंडर एका ओळीत, ल्यूकसचं मेकॅनिकल इंजेक्शन. अमेरिकेत हीच गाडी दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर घेऊन गेली, इंग्लंडमध्ये मात्र इंजेक्शनवर विकली गेली. नीट सेट केलेलं इंजेक्शन काढू नये, असं इथले, ब्रिटनमधले, जुने टीआरवाले सांगतात आणि मला ते पटतं. पण माझं मीटरिंग युनिट, म्हणजे पेट्रोल मोजून प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग, झिजलेलं होतं, उन्हाळ्यात डिकीतला पंप तापून गाडी रस्त्यात बंद पडायची. शेवटी गेल्या एप्रिलमध्ये दोन एसयू एचएस६ कार्बोरेटर बसवले. आजवर सव्वाचार हजार मैल झाले.

कोणते कार्बोरेटर, कोणती नीडल, यावर मी महिनाभर खल केला. पेट्रोल पोचवायचं कसं यावर एक संध्याकाळसुद्धा विचार केला नाही, आणि सगळा त्रास तिथूनच झाला.

ज्या वर्कशॉपमध्ये काम केलं त्यांनी सुचवलं की जुना पंप राहू द्या, पुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर लावू. ऐकायला सोपं वाटलं. पण ल्यूकसचा तो पंप शंभर पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर दाब देण्यासाठी आहे आणि एसयूच्या फ्लोटच्या कप्प्यात पेट्रोल अडवणारी नीडल तीनच्या आसपास खूश असते. कार्बोरेटरचा रेग्युलेटर एवढा दाब अडवायला बनवलेलाच नसतो. गाडी पळताना गेज तीनवर दिसायचा, सिग्नलला आयडलिंगवर आली की काटा हळूहळू वर सरकायचा.

दुसऱ्या आठवड्यात सिग्नललाच पेट्रोलचा वास आला. बाजूला घेऊन बोनेट उघडलं. पुढचा कार्बोरेटर भरून वाहत होता. ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला थेंब धरत होता, मोठा होत होता, सुटत होता. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बोरेटर वर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोबर त्याच्या खाली. चावी बंद केली, बॅटरीची वायर काढली आणि इंजिन गार होईपर्यंत लांब उभा राहिलो. तो पंप त्याच रात्री उतरवला. कुणी हा सल्ला दिला तर कृपा करून ऐकू नका.

मग मेकॅनिकल पंपाचा विचार केला. ब्लॉकवर त्याची जागा पट्टीने झाकलेली असते. पंप विकत घेण्याआधी ती पट्टी काढून आत कॅमशाफ्टवर त्याला हलवणारी एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्र सरकलेली चकती, आहे का, हे बघून घ्यावं. मला या पंपाची ओढ होती, कारण आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. मे महिन्यात खंबाटकी चढताना पंप तापला की बाबा गाडी कडेला घेऊन त्यावर ओलं फडकं टाकायचे. पण नेमकं तेच आठवून मी थांबलो. तापलेल्या ब्लॉकवरचा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढणार, आणि डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरणार.

नंतर सहा-सात पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप आणि काचेच्या वाटीचा फिल्टर-रेग्युलेटर, असं दोन महिने चालवलं. चाललं. तरी रेग्युलेटर बिघडला तर पुन्हा तोच थेंब, हे मनातून जाईना.

आता जे आहे त्यावर मी मनापासून समाधानी आहे : फॅसेट कंपनीचा तीन पीएसआयचा छोटा चौकोनी इलेक्ट्रिक पंप, टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली, रबरी बुशवर. हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात कमी, म्हणून मागेच हवेत. दिसायला सगळे सारखे, दाब वेगवेगळा, तेव्हा खरेदी करताना आकडा वाचा. चावी फिरवली की टिकटिक ऐकू येते, फ्लोट भरले की ती मंदावते, मग स्टार्टर.

पेट्रोल पुरेल का, ही शंका होती. १५० हॉर्सपॉवरला पूर्ण ताकदीवर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं. कार्बोरेटरकडचा पाइप काढून, इंजिन गार असताना, मापाच्या भांड्यात मिनिटभर सोडून पाहिलं : लिटरभराहून जास्त आलं. मोटरवेवर ७०ने याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी लागतं. वेल्समधल्या लांब चढांवरही मिसिंग नाही.

टाकीकडे परत जाणारी जुनी लाइन बंद करू नका. मी तिच्यात एक मिलिमीटर भोकाचा जेट घालून ती चालू ठेवली. पेट्रोल फिरत राहतं, गार राहतं. जुलैच्या ट्रॅफिकमध्ये पूर्वीचा अडखळणारा रीस्टार्ट यामुळे आणि कार्बोरेटरखालच्या हीट शील्डमुळे गेला. ओव्हरफ्लोच्या नळ्या चासिसच्या खालपर्यंत नेल्या आहेत. धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच मूळ गाडीतलाच, तो ठेवला. शिवाय इंजिन चालू असताना ऑइलचा दाब गेला की पंप थांबेल असा रिले घातला.

पाइप सगळे आर९ दर्जाचे, म्हणजे एथेनॉल सोसणारे. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत एथेनॉलचं आहे, त्याने जुनं रबर चिरतं. भारतात ई२०वर जुनी गाडी चालवणाऱ्यांनी तर बोनेटखालचा प्रत्येक रबरी तुकडा वाकवून बघावा.

पिकअप मात्र कमी झाला. चार हजार आरपीएमच्या वर इंजेक्शनची ती झेप आता नाही, आणि मला ती आठवते. म्हणून मीटरिंग युनिट, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी ऑइल लावून, चिठ्ठ्या बांधून, गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत.