‘आला ना आवाज, काका?’

मुलगी बारावीला, म्हणजे रात्री नऊनंतर घरात टीव्हीचा आवाज बंद. होम थिएटरवर चादर टाकली आणि सराउंड हेडफोन शोधायला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, बाकी सगळं लिहितो.

दुकानदाराने एक काळी डबी, तिला लावायचा छोटा ट्रान्समीटर आणि वायरलेस हेडफोन पुढे ठेवले. डबीवर ठळक ‘५.१ सराउंड’, म्हणजे सहा चॅनेलचा, चहूबाजूंनी येणारा आवाज. “टीव्हीच्या ऑप्टिकलला लावा साहेब, मागून गाडी गेली तर मान वळवाल.” डेमो मात्र मोबाइलवरून दिला. तेव्हाच खटकायला हवं होतं. ६,८०० रुपये झाले. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा म्हणाला, म्हणून रोख देऊन चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला. इथे मी माती खाल्ली.

घरी ऑप्टिकल वायर, म्हणजे उजेडावर आवाज नेणारी, टीव्हीला लावली. दुसऱ्या टोकातून तळहातावर लाल ठिपका पडत होता, म्हणजे टीव्हीकडून उजेड येत होता. हेडफोनमध्ये नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी दुकानातला पोरगा आला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला आणि डिजिटल ऑडिओ ‘ऑटो’वर होता तो ‘पीसीएम’ केला. खरखर गेली. “आला ना आवाज, काका?” आला होता. ‘सेटिंग’चे ५०० घेऊन गेला, वर मी चहाही पाजला.

मेख त्या पीसीएममध्येच होती. पीसीएम म्हणजे न दाबता पाठवलेला डिजिटल आवाज. ऑप्टिकल वायरमधून तो जातो दोनच चॅनेलचा. ५.१चे सहा चॅनेल त्याच वायरने न्यायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून पाठवावे लागतात, आणि ते उलगडणारा डीकोडर हेडफोनच्या डबीत लागतो. तो असेल तर दोन कानांतूनही मागचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. ती काही थाप नव्हे. माझ्या डबीत डीकोडरच नव्हता, म्हणून खरखर. पोराने ती दुरुस्त केली नाही, टीव्हीलाच सहाचे दोन करायला लावले.

हे कळलं दोन आठवड्यांनी. भाचा पेनड्राइव्हवर चॅनेल तपासायची क्लिप घेऊन आला. ‘पुढचा डावा’ आणि ‘मागचा डावा’, दोन्ही माझ्या डाव्या कानात, एकाच जागी. पुन्हा ‘ऑटो’ केलं तर पुन्हा खरखर. भाच्याने डबीवरचा स्टिकर नखाने सोलला. खाली छापलं होतं, ‘डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर’, म्हणजे टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या स्टिरिओला चालेल असा करणारी साधी डबी.

दुकानदार म्हणाला, “आवाज येतोय ना? मग खराब काय आहे?” ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावला. बिल न देणं हीसुद्धा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. पण माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नावच नाही. दाखवणार काय?

असा सेट घेणार असाल तर दुकानातल्याच टीव्हीला ऑप्टिकलने जोडायला लावा, टीव्ही पीसीएमवर नाही हे स्वतः बघा आणि चॅनेलची क्लिप ऐका. मोबाइलचा डेमो नको.

डबी आता आईच्या खोलीतल्या टीव्हीला आणि जुन्या स्टिरिओला जोडली आहे. त्या कामाला ती झकास आहे.