नऊ महिने, दोन हजार किलोमीटर, चार खाड्या: माझी हायब्रिड सायकल

गेल्या पाडव्याला घेतलेली सायकल. मीटरने नुकताच दोन हजाराचा आकडा ओलांडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बेताच्या किमतीतल्या बहुतेक हायब्रिडचा (रस्त्याची आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) साचा एकच: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ७०० बाय ३५ चे टायर, केबलवरचे डिस्क ब्रेक, पुढे ४८-३८-२८ अशा तीन चकत्या, मागे आठ, त्यातली मोठी ३४ दात्यांची.

सुरुवातीचे महिने ऑफिस आणि रविवारी सिंहगडाचा पायथा. तेवढ्यावर सायकल कळत नाही. कळली ती डिसेंबरात, मांडवा ते रत्नागिरी किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना. घाई नव्हतीच. रोज चाळीसेक किलोमीटर, दुपारी जेवून झोप, असे आठ दिवस. सोबत शाळेपासूनचा मित्र. त्याची सायकल म्हणजे वडिलांची काळी २८ इंची, बिनगियरची. वर दांड्याला फूटपंप बांधलेला. त्या पंपावरून मी मांडव्यालाच हसून घेतलं.

कोकणातला चढ घाटासारखा लांब नसतो, पण चुकत नाही. खाडीकाठावरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढा, पलीकडे पुन्हा पाण्यापर्यंत उतरा, दिवसातून चार-पाच वेळा. इथे पुढे २८ आणि मागे ३४ ही जोडी कामाला आली. पॅडलचा एक फेरा झाला तरी चाकाचा पुरा होत नाही, इतका गियर हलका. सामानासकट मी एकदाही उतरलो नाही. गंमत अशी की मी फुसफुसत पॅडल मारतोय आणि मित्र शेजारून सायकल ढकलत आरामात चालतोय, गप्पाही चालू. वर दोघं एकदमच पोचायचो.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही ठिकाणी फेरीबोटीत सायकली चढवल्या. माझ्या सायकलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या सायकलीच्या सीटवर मात्र वेशवीला उतरेपर्यंत एक आजोबा हात ठेवून उभे होते.

आंजर्ल्याच्या अलीकडे माझी ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथे पॅच बसत नाही, आणि जादाची ट्यूब आदल्या दिवशीच वापरलेली. गावातल्या दुकानात ७०० ची ट्यूब कुठून असणार? दुकानदाराने साध्या सायकलीची २८ दीडची ट्यूब काढली, ती जरा मोठी, पण दाबून बसवली. माझ्या रिमला मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हचं भोक आहे, म्हणून तो जुना व्हॉल्व्ह आत गेला. बारीक व्हॉल्व्हची रिम असती तर सायकल टेंपोत टाकावी लागली असती. घेताना हे जरूर बघा. माझा छोटा पंप मात्र त्या व्हॉल्व्हला लागेना. हवा भरली मित्राच्या फूटपंपाने. तो काही बोलला नाही, नुसता भरत राहिला.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. जिथून घेतली त्या दुकानाने ‘लोड जास्त झाला’ म्हणून हात झटकले. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने स्पोक घालून आउट काढला, त्यानंतर चाक सरळ आहे. कॅरिअरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर ढिले होतात. गुहागरला एक पडलाच, सुतळीवर रत्नागिरी गाठली. खाऱ्या हवेत चेनला दोन दिवसांत तांबूस गंज धरतो. रोज रात्री पुसून तेल दिलं तरच निभावतं. सकाळच्या दवात ब्रेक असे किंचाळतात की घंटीची गरज नाही. आणि सोबत आलेली सीट पहिल्याच महिन्यात बदला. मी सहा महिने सहन केली, तो मूर्खपणा होता.

शर्यतीसाठी कुणी विचारत असेल तर ही सायकल जड आहे, नका घेऊ. दोन पिशव्या लादून, वाटेत कोकम सरबताला थांबत फिरायचं असेल तर पुन्हा हीच घेईन.

चेन परवा बदलली. पुढच्या थंडीत रत्नागिरीहून खाली मालवणपर्यंत जायचं ठरतंय. मी म्हटलं, या वेळी चांगला पंप घेतो. मित्र म्हणाला, ‘तू ट्यूब आण, पंपाचं मी बघतो.’