राज्यसभा की विधान परिषद, खरं वजन कुणाचं?

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात पदवीधरची निवडणूक आली की गावातला प्रत्येक ग्रॅज्युएट अचानक व्हीआयपी होतो, कारण कोकण पदवीधर मतदारसंघाचा आमदार थेट त्याच्या मतावर विधान परिषदेत जातो. राज्यसभेत तसं काहीच नाही, तिथे महाराष्ट्राचे १९ खासदार निवडतात ते आपले विधानसभेचे आमदार, आपण फक्त टीव्हीवर बघायचं! त्यात २००३ पासून त्या राज्याचा मतदार असायची अटही गेली, म्हणून तर राजापूरचे एकेकाळचे लोकसभा खासदार सुरेश प्रभू पुढे राज्यसभेत गेले ते हरियाणातून आणि नंतर आंध्रातून. हे मला काय पटत नाही बुवा.

पण पॉवर बघायला गेलात तर राज्यसभा कुठच्या कुठे पुढे. पैशाचं बिल ती १४ दिवसच अडवू शकते हे खरं, पण घटनादुरुस्ती तिच्याशिवाय होतच नाही, १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करायचं बिल लोकसभेत पास होऊन इथे दोन तृतीयांश मतांच्या अटीत एका मताहूनही कमी फरकाने पडलं होतं. परिषद साधं बिल जास्तीत जास्त चार महिने लांबवते, बस्स. राज्यसभा विसर्जित होत नाही, सहा वर्षांची मुदत नि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक रिटायर, तेवढं परिषदेतही सेम, पण परिषद आख्खीच बंद करता येते, आंध्रात १९८५ ला केली नि २००७ ला परत आणली.

माझं मत विचाराल तर राज्यसभा हवीच, परिषदेचं मात्र पदवीधर-शिक्षक मतदारसंघ सोडले तर बाकी सगळं पुनर्वसन केंद्र वाटतं.