ऑफिसात अ‍ॅस्टरिस्क बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमचं हार्डवेअरचं होलसेल दुकान. वर ऑफिस, गोडाऊन थोडं लांब. जुन्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टरिस्क हे ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, ११ एक्स्टेन्शन काढली, बाहेरच्या कॉलसाठी प्रीपेड सिप ट्रंक (इंटरनेटवरून चालणारी फोनलाइन) घेतला. आवाज, ट्रान्सफर, रेकॉर्डिंग सगळं झकास. त्यावर जास्त लिहीत नाही.

गोडाऊनचा फोन जोडायला राउटरवर ५०६० पोर्ट, म्हणजे सिपचं ठरलेलं दार, उघडला आणि तासाभरात लॉग वाहायला लागला. आधी ‘ऑप्शन्स’, म्हणजे घरात कोणी आहे का याची चाचपणी. मग ‘रजिस्टर’: १००, १०१, १०२, ओळीने एकेका एक्स्टेन्शनच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न. कित्येकांनी स्वतःचं नाव चक्क ‘फ्रेंडली-स्कॅनर’ सांगितलेलं. सिपव्हिशस हे टूल खरं तर आपलीच यंत्रणा तपासायला बनवलेलं, त्याचं हे ठरलेलं नाव. चोरांनी ते बदलायचीही तसदी घेतलेली नाही!

मला हसू आलं, पण फार काळ टिकलं नाही. चाचणीसाठी काढलेल्या २०१ चा पासवर्डही मी २०१ च ठेवला होता, ‘उद्या बदलू’ म्हणून. सोमवारी शटर उघडून पहिला फोन लावला तर बॅलन्स शून्य. कॉलच्या यादीत शनिवारी मध्यरात्रीनंतरचे परदेशी नंबर, एका वेळी दोन-दोन कॉल. अशा महागड्या नंबरांवर कॉल गेला की पैशातला वाटा नंबर चालवणाऱ्याला मिळतो, पलीकडे बोलायला कोणी असावं लागत नाही. प्रीपेड होतं म्हणून ४ हजारांवर निभावलं.

त्यानंतर परदेशी कॉल एक एक्स्टेन्शन सोडून सगळीकडे बंद केले. खरा उपाय हाच, बाकी सगळं त्यानंतर. फेलटूबॅन हे सॉफ्टवेअर चुकीचे पासवर्ड मारणारा इंटरनेट पत्ता अडवतं, पण हल्ला दहा पत्त्यांवरून सावकाश आला तर त्याचा फारसा उपयोग नाही. शेवटी गोडाऊन वायरगार्डवर (इंटरनेटमधून खाजगी बोगदा काढणारं व्हीपीएन) घेतलं आणि ५०६० बाहेरून बंदच केला. लॉग गप्प.

मग सर्व्हरवर कॉलची पॅकेट पकडून वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्ले दाबलं. भावाचं गिऱ्हाइकाशी चाललेलं दराचं बोलणं खणखणीत ऐकू आलं. लगेच आवाज कुलूपबंद करणारं एसआरटीपी चालू केलं. इथे एक मेख आहे: आमच्या फोनमध्ये आवाजाची किल्ली कॉल जोडणाऱ्या सिपच्या निरोपातूनच जाते, त्यामुळे ते निरोप झाकणारं टीएलएस नसेल तर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं. दोन्ही केलं. पुढे टीएलएसला लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट आपोआप नवं झालं, पण अ‍ॅस्टरिस्क जुनंच धरून बसलं. एका सकाळी एकही फोन रजिस्टर होईना. चूक माझी, नूतनीकरणानंतर रीलोडची ओळ टाकायची राहिली होती.

ट्रंकवाले मात्र टीएलएस देत नाहीत. “असं कोणी मागत नाही हो,” म्हणाले. म्हणजे ऑफिसच्या भिंतीपर्यंत सगळं बंद पाकिटात, पुढे पोस्टकार्ड. कोणाला टीएलएस देणारा ट्रंक मिळाला असेल तर दर काय पडतो ते सांगा, मी बदलायला तयार आहे.